दुजोरा

भुसावळ, २ सप्टेंबर २०२४

प्रिय कामिनी,

राखीला धुळ्याला आले तेव्हाच हे विचारायचं होतं, पण घर भरलेलं होतं. फोन केला तर आई मध्येच घेते आणि तुझ्याशी बोलायचं राहून जातं. म्हणून मेल लिहिते आहे.

प्रयोगशाळा बंद झाली त्याला आता वर्ष होईल. नऊ वर्षं मी तिथं केळीची रोपं तपासली. आता घरातल्याच एका खोलीत तेच काम करते. शेतकरी पानं आणून देतात, मी रोग आहे की नाही ते तपासून सांगते, कधी रोपवाटिकेत जाऊन बघून येते. काम येतं. पण अनोळखी माणूस आधी एकच विचारतो, "मॅडम, याआधी कुठं होत्या तुम्ही?" आता काय दाखवू? फाटकाला कुलूप आहे आणि मालक मुलाकडे कॅनडाला गेले.

तू म्हणालीस म्हणून नोकरीधंद्याच्या त्या मोठ्या साइटवर खातं उघडलं होतं. तिथं रोज कोणाला तरी बढती मिळते आणि आपण त्याचं अभिनंदन करायचं असतं. बंगळुरूच्या कुणा विमावाल्यानं 'केळी रोगनिदान' या माझ्या कौशल्याला परस्पर पसंती देऊन टाकली. त्यानं केळीचं झाड तरी पाहिलं आहे की नाही कोण जाणे! मी खातं बंद केलं.

तू करून दिलेली दोन पानांची वेबसाइट मला पुरते. तिच्यावर एवढंच करता येईल का? मी कोणाकोणाबरोबर काम केलं त्यांची नावं, आणि ते खरं आहे हे वाचणाऱ्याला कळावं. बाकी काही नको.

तुझ्या नवऱ्याला, दीपकला सांग, बहिणीलाही अधूनमधून फोन करायचा असतो.

दिपमाला


धुळे, ११ सप्टेंबर २०२४

प्रिय अक्का,

तुमचा मेल वाचला आणि दुसरी सगळी कामं बाजूला ठेवून बसले. पुण्याची नोकरी सोडून इथं आल्यापासून मी डॉक्टरांच्या, आर्किटेक्टच्या वेबसाइटच करते आहे. प्रत्येक जण हेच विचारतो, पण तुमच्याइतकं नेमकं कोणी विचारलं नव्हतं.

मी असं केलं आहे. तुमच्या वेबसाइटवर एक साधी फाइल असेल. तीत तुम्ही एकेका ओळीत लिहायचं: अमुक माणूस, त्याची वेबसाइट ही, आम्ही हे काम सोबत केलं. त्या माणसानं आपल्या वेबसाइटवर तुमच्याबद्दल तसंच लिहायचं. माझा प्रोग्रॅम रोज पहाटे सगळ्यांच्या फायली वाचून येतो. दोन्हीकडे नाव असेल तरच ते दोघांच्या पानांवर दिसतं. एकट्यानं लिहिलेलं दिसत नाही. फोटो नाहीत, पसंती नाही, किती जणांना ओळखता त्याचा आकडा नाही. सगळं ज्याचं त्याच्या साइटवर. माझ्याकडे काही साठत नाही.

नाव ठेवलं आहे 'दुजोरा'.

पहिली जोडणी माझ्या रुपचंदमामांची करू या? तुम्हाला प्रयोगशाळेत त्यांनीच नेलं, नऊ वर्षं ते तिथं तुमचे वरिष्ठ होते. आता बोदवडला त्यांची स्वतःची रोपवाटिका आहे आणि तिची वेबसाइट मीच केली आहे. त्यांच्याशिवाय तुमचं काम दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

तुमची,
कामिनी


भुसावळ, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय कामिनी,

जमलं. रुपचंदभाऊंनी त्यांच्याकडे लिहिलं, मी माझ्याकडे लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता पाहिलं तर त्यांचं नाव माझ्या पानावर आलेलं. आमच्या ह्यांना, तुझ्या नंदोयांना दाखवलं. ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, हो, एवढंच.

पण तेवढ्यानं फरक पडला. या आठवड्यात यावलचे दोघे आले, दोघांनी आधी पान पाहिलं होतं. "रुपचंद पाटलांच्या हाताखाली होत्या ना?" म्हणाले. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

धुळ्यात आणखी कोणाला देते आहेस का हे?

दिपमाला


धुळे, १८ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

बरेच दिवस झाले, तुमचा मेल नाही. केळीची धावपळ असेल.

इकडे दुजोरा चांगला चालला आहे. डिंपल आर्किटेक्टनं घेतला, तिच्यामुळे तिच्या दोन मिस्त्रींच्या साइट करून दिल्या. एक फोटोग्राफर आहे, एक अहिराणीत भाषांतर करणारे गुरुजी आहेत. माणसं थोडी आहेत, पण खरी आहेत.

परवा मामांचा फोन आला. "अगं, दिपमालाचं नाव माझ्या पानावरून गेलं, तुझं मशीन बिघडलं का?" मी घाबरले. पाहिलं तर तुमच्या फाइलीतून त्यांची ओळच उडाली होती. दुसरं काही दुरुस्त करताना पुसली गेली असेल, होतं असं. तुमच्या साइटचा पासवर्ड माझ्याकडे होताच, ओळ परत टाकली. आता सगळं नीट दिसतं आहे. मामा खूश झाले. त्यांच्याकडे मोठी मागणी आहे म्हणे.

आईंची तब्येत बरी आहे. सकाळी गच्चीत उन्हाला बसतात आणि अख्ख्या गल्लीची खबर आम्हाला देतात.

तुमची,
कामिनी


भुसावळ, २७ डिसेंबर २०२४

प्रिय कामिनी,

मेल मिळाला. ठीक आहे, राहू दे.

थंडी बरीच आहे. आईला बाहेर बसताना शाल घ्यायला सांग. संक्रांतीला येणं जमेलसं वाटत नाही.

दिपमाला


भुसावळ, २४ मार्च २०२५

प्रिय कामिनी,

तीन महिने मी तुला लिहिलं नाही. आज लिहिते, कारण काल सुकदेव महाजन माझ्या घरी येऊन गेले. मुक्ताईनगरच्या बाजूचे शेतकरी आहेत. याआधी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पिशवीतून केळीची पानं काढून त्यांनी टेबलावर ठेवली. पानांवर पिवळे पट्टे होते, एका झाडाचा पोगा, मधलं न उलगडलेलं कोवळं पान, सडलेला. आपल्याकडे याला हरण्या म्हणतात. या रोगावर औषध नाही, झाड उपटून पुरावं लागतं. पानाच्या रसात चाचणीची पट्टी बुडवून तपासायची गरज नव्हती, तरी तपासलं. तोच निघाला.

मी विचारलं, रोपं कुठली? ते म्हणाले, "बोदवडची. रुपचंद पाटलाची. जानेवारीत लावली."

मग म्हणाले, "ताई, मी रुपचंदले वयखत नाही. तुमचं नाव त्याच्या पानावर दिसलं म्हून घेतली. मले वाटलं, रोपं तुमी तपासली असतीन."

कामिनी, ती ओळ चुकून पुसली गेली नव्हती. मी काढली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी रुपचंदभाऊंच्या शेडनेटमध्ये गेले होते, सहजच, वाटेत होतं म्हणून. काही रोपांवर पट्टे दिसले. ज्या झाडांपासून ही रोपं केली त्यांची तपासणी झाली का, म्हणून विचारलं. ते हसले. "तू पाहिलीस ना आत्ता? झाली तपासणी." मागणी एवढी आहे की थांबायला वेळ नाही म्हणाले. ज्या माणसानं मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकावर बसवलं, ज्यानं मला रोपांचा एक ट्रे संशयाचा वाटला तर बाजूचे दोन फेकायला शिकवलं, तो माणूस असं बोलत होता. भांडणं मला जमलं नाही. घरी आले आणि त्यांचं नाव काढलं.

तुला कारण सांगितलं नाही. ते तुझे मामा आहेत, तुझं आणि दीपकचं लग्न त्यांनी जमवलं. मला वाटलं, गुपचूप काढलं तर कोणाचं मन दुखणार नाही. मग तुझा मेल आला. मामांचा फोन आला होता, ओळ परत टाकली, मामा खूश आहेत. मी तो असा वाचला की तुला सगळं माहीत आहे आणि 'अक्का, मामांचं नाव काढू नका' एवढंच तू गोड शब्दांत सांगते आहेस. म्हणून 'राहू दे' लिहिलं आणि गप्प बसले. सुकदेवभाऊंनी रोपं घेतली ती त्यानंतर.

आज सकाळी ओळ पुन्हा काढली आहे. या वेळी तू परत टाकू नकोस.

दिपमाला


धुळे, २७ मार्च २०२५

अक्का,

तुमचा मेल तीन वेळा वाचला. आधी राग आला, तो तुमचाच. मला एक ओळ लिहिली असती तर? मी तुमची भावजय आहे, मामांची वकील नाही. मला खरंच काही माहीत नव्हतं. फाइलीतून एक ओळ गेली, एवढंच मला दिसलं. माणूस मुद्दाम नाव काढतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. असं यंत्र करायला बसले आणि एवढं सुचलं नाही.

नंतर राग माझ्यावर वळला. तुमच्या साइटवर तुमच्या नावानं मी लिहिलं. तुम्ही न दिलेला दुजोरा मी देऊन टाकला. तुमचा पासवर्ड तुम्ही आजच बदला आणि नवा मला सांगू नका. सगळ्यांनाच मी तसं कळवते आहे.

आता माझी अडचण ऐका. ओळ काढली की नाव जातं आणि मागे काहीच राहत नाही. उद्या कोणी पाहिलं तर तुमच्या पानावर प्रयोगशाळेची नऊ वर्षंही दिसणार नाहीत आणि मामांच्या रोपांबद्दलही कोणाला कळणार नाही. कारण लिहायला जागा दिली तर महिन्याभरात तिथं लोकांची उणीदुणी सुरू होतील. ते मला नको आहे.

मामांना फोन केला होता. "फोनवर काय बोलायचं, आखाजीच्या सणाला माहेरी येशील तेव्हा बोलू," म्हणाले.

सुकदेवभाऊंनी काय केलं?

कामिनी


भुसावळ, ३१ मार्च २०२५

प्रिय कामिनी,

पासवर्ड बदलला.

सुकदेवभाऊंच्या शेतात जाऊन आले. निम्म्यापेक्षा जास्त बाग उपटली, उरलेली मी सांगितलं म्हणून ठेवली आहे, पण त्यांचा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. पाणी मात्र दिलं. त्यांच्या पत्नी कमलबाई बांधापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "तुमी वाईट नाही वाटत, मंग नाव कशाले देल्लं?"

कारण लिहायची जागा नको, हे मलाही पटतं. पण मी एक पाहिलं. आपण ओळीत लिहिलं होतं, 'सोबत काम केलं'. कधी, कुठं, काहीच नाही. प्रयोगशाळेत मी त्यांच्याबरोबर होते, रोपवाटिकेत कधीच नव्हते. वाचणाऱ्याला ते कसं कळावं? तपासणीच्या नोंदीत आम्ही तारीख नसलेला निकाल निकालच मानत नाही.

दिपमाला


धुळे, ४ मे २०२५

प्रिय अक्का,

काल बोदवडहून परत आले. आधी मामांचं सांगते.

आखाजीच्या दिवशी ते जेवायला आमच्या घरी होते. माझ्या आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या. आमरस वाढून झाला आणि मी विचारलं, "मामा, रोपं ज्या झाडांची केली ती झाडं तपासली होती का?"

"डोयानं पाह्यली. तीस वर्षं झाली केयी पाहून राह्यलो मी. मले डोयानं कयते."

"हरण्या सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. अक्कांना हे तुम्हीच शिकवलं ना?"

आई म्हणाली, "सणाच्या दिवशी हेच काढायचं होतं का?"

मामा म्हणाले, "दिपमालाले प्रयोगशाळेत कोनं नेलं? तुह्यं लगन कोनं जमवलं?"

मी म्हटलं, "तुम्हीच. म्हणून तर तुम्हालाच विचारते आहे, दुसऱ्या कोणाला नाही."

ते ताटावरून उठले. हात धुतले, चपला घातल्या आणि गेले. रस तसाच राहिला. आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. निघताना तिनं ओटी भरली, पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

धुळ्यात आल्यावर इथल्या आईंना, तुमच्या आईंना सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, त्या म्हणतील मिटवून टाका. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "रुपचंद तुना मामा शे, पन दिपमाला मनी पोर शे. तिनं खोटं लिवं नई पाहिजे." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

आता यंत्राचं. तुमच्या पत्रातलं तारखांचं वाक्य मी भिंतीवर चिकटवलं आहे. यापुढे प्रत्येक ओळीत कुठं आणि कधीपासून कधीपर्यंत हे लिहावंच लागेल. दोन्ही बाजूंनी तेच ठिकाण आणि त्याच तारखा लिहिल्या तरच नाव दिसेल. काम संपलं की ओळ पुसायची नाही, शेवटची तारीख टाकायची. तुम्ही तुमच्या बाजूनं प्रयोगशाळेचं लिहून ठेवा. मामांना मी फक्त कळवलं आहे. त्यांनी लिहिलं तर लिहिलं.

तुमची,
कामिनी


भुसावळ, २२ मे २०२५

प्रिय कामिनी,

लिहिलं आहे. 'प्रयोगशाळेत, २०१४ ते २०२३.' आणि पानाच्या खाली स्वतःच्या नावानं एक वाक्य टाकलं: 'कोणत्याही रोपवाटिकेतली रोपं मी तपासली असतील तर तसा माझ्या सहीचा दाखला रोपांसोबत असतो.' कोणाचं नाव घेतलं नाही.

सुकदेवभाऊंच्या गावाकडे शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, दोन-तीनशे सभासद असतील. त्यांना पावसाळ्याच्या तोंडाशी लावायच्या मृगबागेची रोपं तपासायला कायमचा माणूस हवा होता. मला बोलावलं. बोलणं चांगलं झालं. शेवटी त्यांच्यातले एक जण म्हणाले, "नऊ वर्षांचं कोणी सांगणारं आहे का?" मी म्हटलं, एक जण आहे, पण सध्या सांगत नाही. का, ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते मी सांगणार नाही.

काल कळलं, जळगावच्या एका मुलाला घेतलं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस, आणि भाऊंचं नाव असलेली माझ्या पानाची जुनी प्रत कुठं असेल तर ती काढून लावू नकोस. तुझ्या मनात येईल म्हणून आधीच सांगते.

दिपमाला


धुळे, २६ मे २०२५

प्रिय अक्का,

आलं होतं मनात. जुनी प्रत आहे. लावली नाही.

आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

कामिनी


धुळे, १३ जुलै २०२५

प्रिय अक्का,

आज दुपारी मामांचा फोन आला. आखाजीनंतर पहिलाच. मी "हॅलो मामा" म्हटलं, तर कसं आहे, काय आहे, काही नाही. म्हणाले, "त्या तारखा कुठं टाकायच्या असतात?"

मी सांगितलं. फाइल कशी उघडायची, कुठल्या ओळीत. ते हळूहळू लिहीत होते, मला बटणांचा आवाज येत होता. मध्येच विचारलं, "तिनं सुरुवातीचं साल काय टाकलं?" मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही मामा, तुम्हाला आठवतं ते टाका." मग म्हणाले, "चौदा. पावसाळ्यात आल्ती. पह्यल्या दिवशी पायरीवर घसरून पडली."

फोन ठेवताना म्हणाले, "सुकदेव महाजनाकडे जाऊन आलो. त्यानं घरात घेतलं नाही."

उद्या पहाटे नाव दिसेल. त्या कंपनीला कळवू का? उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे.

तुमची,
कामिनी


भुसावळ, २० जुलै २०२५

प्रिय कामिनी,

कंपनीला कळवू नकोस. तो मुलगा काम चांगलं करतो, मी पाहिलं आहे.

नाव दिसलं. त्याच दिवशी दुपारी रुपचंदभाऊ स्वतः आले. आधी फोन नाही, काही नाही. दारात उभे राहिले, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं होती. प्रत्येक पानाला चिठ्ठी बांधली होती, ज्यांची रोपं करतात त्यांपैकी कुठल्या झाडाचं ते त्यांच्या अक्षरात लिहिलेलं. मी आत या म्हटलं. ते माझ्या त्या खोलीत पहिल्यांदाच आले. भिंतीवरचं फडताळ, बाटल्या, सगळं बघत राहिले आणि स्टुलावर बसले.

मी म्हटलं, "निकाल जो येईल तो मी लिहिणार, भाऊ."

"म्हून तर आणली," म्हणाले.

मी एकेक पान तपासत गेले. चहा झाला, गार झाला. सात झाडांत रोग निघाला. प्रत्येक वेळी पट्टीवर रोगाची रेघ उमटली की मी ती त्यांच्यासमोर धरत होते आणि ते मान हलवत होते. शेवटचं झाल्यावर त्यांनी कागद मागितला. मी सहीनिशी लिहून दिलं. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला.

उठताना म्हणाले, "एका ठिकाणी तारीख घालायची राह्यली तुह्याकून."

खरंच राहिली होती. मी घातली.

आज सकाळी त्यांनी ती झाडं उपटली. त्यांच्या शेजारची दोन-दोनही उपटली.

दिपमाला